हौदाकाठचा संशोधक

विद्यापीठातील पोहण्याचा शिक्षक म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवून हौदाच्या काठाने येरझारा घालणारा गृहस्थ, अशी जी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे, ती बाजूस सारावयाची असल्यास अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे जेम्स कौन्सिलमन यांची कारकीर्द अवश्य पाहावी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालवून शौर्यपदक मिळविलेले आणि पुढे आयोवा विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले हे गृहस्थ १९५७ साली ब्लूमिंग्टन येथे रुजू झाले आणि १९९० पर्यंत त्याच हुद्द्यावर राहिले. मुले त्यांना ‘डॉक’ म्हणत.

प्रारंभ मात्र मोठा विचित्र झाला. फुटबॉलच्या खेळाडूभरतीत नियमभंग झाल्याचे उघडकीस येऊन १९६० पासून काही वर्षे विद्यापीठाच्या सर्वच संघांना राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धेची बंदी झाली. चोराबरोबर संन्याशालाही सुळी! बंदीची मुदत सरल्यावर, १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षे ते अजिंक्यपद इंडियानाकडेच राहिले. मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये स्वतःच्याच बढाईपुढे उणा ठरलेला मार्क स्पिट्झ त्यानंतर याच हौदावर दाखल झाला, आणि १९७२ साली म्युनिकमध्ये त्याने सात सुवर्णपदके मिळविली.

पदकांची मोजदाद कोणीही करील. मला डॉकचे थोरपण दिसते ते त्यांच्या जिज्ञासेत. पोहणाऱ्याने हात सरळ मागे ओढावा, असा शिक्षकांचा परंपरागत उपदेश असे. कौन्सिलमनांनी पाण्याखाली कॅमेरा नेऊन चित्रफिती घेतल्या, तेव्हा उत्तमोत्तम पोहणाऱ्यांचा हात कोपरात वाकून नागमोडी वाटेने जातो, असे दिसून आले. तळहात विमानाच्या पंखाप्रमाणे कार्य करतो, अशी त्याची उपपत्ती त्यांनी बर्नुलीच्या सिद्धान्तावरून लावली. तिला त्यांनी दिलेले महत्त्व पुढील संशोधकांनी बरेच कमी केले. परंतु गुरूचे ऐकून शिकविण्याऐवजी डोळ्यांनी पाहून शिकवावे, हा दंडक मात्र कायम राहिला. १९६८ सालचा त्यांचा ‘द सायन्स ऑफ स्विमिंग’ हा ग्रंथ प्रशिक्षकांनी प्रमाण मानला, तो याच कारणाने.

प्रत्यक्ष सरावात या शास्त्राचे रूप अगदी साधे असे. हौदाकाठी मोठ्या सेकंदकाट्याचे घड्याळ लावलेले असावयाचे. ते प्रचारात आणण्याचे श्रेय बहुधा त्यांनाच दिले जाते. काटा ठरल्या आकड्यावर आला की मुलाने भिंत सोडावी, अंतर कापून परत यावे, मान वर करून आपली वेळ आपणच वाचावी आणि मोजका श्वास घेऊन काट्याबरोबर पुन्हा निघावे. शिक्षकाने ओरडण्याचे प्रयोजनच उरत नसे. चांगल्या सरावाबद्दल डॉक रंगीत जेली-गोळ्या वाटीत, आणि विश्वविक्रमी पोरेही त्यांसाठी हुज्जत घालीत. शास्त्रज्ञाला माणसे कळत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी या गोळ्यांचा हिशेब अवश्य ठेवावा.

१९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाची सूत्रे त्यांच्याकडे होती, आणि तेथील तेरा सुवर्णपदकांपैकी बारा त्या संघाने जिंकली. त्यांचाच शिष्य जिम माँटगोमेरी याने शंभर मीटरचे अंतर ४९.९९ सेकंदांत कापले. पन्नास सेकंदांची मर्यादा तोवर कोणीही ओलांडली नव्हती. पुढे १९७९ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, डॉकनी स्वतः इंग्लिश खाडी पोहून पार केली. एवढ्या वयाच्या माणसाने ती तोवर पार केली नव्हती. तेरा तासांहून अधिक काळ थंड पाण्यात काढणाऱ्या शिक्षकापुढे सराव जड जातो म्हणून रडगाणे गाण्याची सोय त्यानंतर कोणत्या विद्यार्थ्याला उरली असेल!