काठी माशासाठी, की माझ्यासाठी?

बँकेत असताना मच्छीमारांच्या होड्यांची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावर आली, की मी पहिला प्रश्न हटकून विचारायचो : इंजिन केवढं? इंजिन मोठं तर कर्ज सुरक्षित, असा सरळ हिशेब. निवृत्त होऊन मालवणला आलो, खोल पाण्यात मासे गरवण्याचा नाद लागला आणि तोच हिशेब मी काठीलाही लावला. मुंबईच्या एका दुकानात जाऊन सगळ्यांत दणकट काठी मागितली. विक्रेत्याने 80 पौंडी काढून दिली. सात फूट लांब, वाकवली तरी वाकेना. मी बेहद्द खूश. घरी किंमत मात्र निम्मीच सांगितली. उभ्या नोकरीत एक खोटं व्हाउचर केलं नाही, ते हे असं निवृत्तीनंतर!

मी ज्याच्या होडीतून जातो तो तांडेल हाताने गरवणारा. तंगूस, शिसं, गरी आणि दोन बोटं, एवढाच त्याचा सरंजाम. तंगुसाने त्याच्या तर्जनीवर खाचा पडल्या आहेत. काठी पाहून तो काही बोलला नाही, नुसती हातात तोलून परत दिली.

पंधरा वाव पाणी असेल. गोबरा लागला असावा, कारण ओढ लागताच तो खालच्या खडपाकडे निघाला. काठी तसूभर वाकली नाही, त्यामुळे धक्का सगळा माझ्या अंगावर. तिचा बुंधा ओटीपोटात रुतला, आणि दोनच वर्षांपूर्वी हर्नियाची शस्त्रक्रिया झालेली जागा तिथून चार बोटांवर! पाय घसरला, छाती होडीच्या काठावर आदळली, तांडेलाने मागून सदरा धरला म्हणून मी आत राहिलो. मासा गेला. काठी शाबूत.

"सायबानू," तांडेल म्हणाला, "ही काठी माशाक वडता, काय तुमका?"

पोटावरचा काळानिळा डाग सौ.पासून लपणं शक्यच नव्हतं. समुद्र बंद, असा हुकूम निघाला. खाटेवर पडल्या पडल्या मी तांडेलाचा प्रश्न कागदावर सोडवायला घेतला.

80 पौंडी म्हणजे 80 पौंडाचा मासा नव्हे, तर त्या ताकदीच्या दोऱ्यासाठी बेतलेली काठी. रिळाचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर लावतात. म्हणजे मासा 12 किलोने ओढेपर्यंत दोरा सुटतच नाही. आता तरफ बघा. बुंधा कमरेला, हात त्यापासून दोन फुटांवर, टोक सात फुटांवर. काठी आडवी असताना टोकावरचे 12 किलो हाताला साडेतीन पट, म्हणजे 42 किलो होतात. माझं सबंध वजन 61! काठीची प्रत्येक वीत माशाच्या बाजूने लढत असते, आपल्या नव्हे. म्हणून होडीवरची काठी आखूड हवी, आणि वाकणारी हवी. वाकली की टोक जवळ येतं, तरफ आपोआप आखूड होते. उलट ताठ काठीला बारीक दोरा लावला, तर काठी वाकायच्या आत दोराच तुटतो.

हा कागद मी सौ.समोर ठेवला, खऱ्या किमतीसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दुसरी घ्यायला मी येणार."

रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा मागून घेतला आणि आम्ही दोघं दुकानात हजर झालो. विक्रेता कार्बनची काठी पुढे करत होता. ती हलकी असते आणि मासा नुसता तोंड लावून गेला तरी हाताला कळतो, हे खरंच. पण होडीत ती शिशावर आपटणार, काठावर घासणार. असल्या ठोक्यांनी कार्बनला न दिसणारी चीर जाते आणि ऐन ओढीत काठी मोडते. आम्ही फायबरग्लासवर अडून बसलो. साडेसहा फूट, 30 पौंडी. टोकाला पाव किलो शिसं टांगलं, तर ते नुसती मान तुकवून थांबलं. मग दोरा ओवून काट्याला बांधला. सौ.ने काटा जमिनीशी धरला, मी काठी उचलली. साडेचार किलोला काठी मध्यापर्यंत छान कमानली. रीळ काठीच्या वर बसतं, तेव्हा अशा कमानीत दोरा दोन कड्यांच्या मधे काठीला घासता कामा नये. तेही वाकून पाहिलं. प्रत्येक कडीतून सौ.ने कापूस फिरवला. एका काठीच्या कडीत तंतू अडकले, म्हणजे आत तडा. ती परत केली. बुंध्याची खोबण ज्यात बसते तो कमरेचा पट्टा तिने मी न मागताच बिलात घालायला लावला.

नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळल्यावर पुन्हा गेलो. दोन किलोंची तांबोशी लागली. काठी वाकली, मी उभा राहिलो. तांडेलाने खाचांचं ते बोट कमानीवरून हळूच फिरवलं आणि पुन्हा आपल्या तंगुसाकडे वळला.

पहिली काठी सौ.ने माळ्यावर टाकू दिली नाही. तिला झेला बांधलाय. परसातल्या हापूसच्या खालच्या फांद्यांना ती बरोबर पुरते.