पंगत आठवणींची, वाढपी संगणक!

तुमच्या घरातल्या आठवणी कुठे कुठे ठेवल्या आहेत, हे कधी शोधून पाहिलंय? काकाच्या लग्नाचं चित्रीकरण एका सीडीवर, गेल्या दिवाळीचे फोटो आईच्या मोबाइलमध्ये, सहलीचे बाबांच्या मोबाइलमध्ये आणि आजीच्या आवाजातल्या ओव्या कपाटातल्या जुन्या कॅसेटवर! मोबाइल हरवला, की फोटो गेले. कॅसेटला बुरशी लागली, की ओव्या गेल्या. हे सगळं एका जागी आणता आलं आणि घरातल्या टीव्हीवर, मोबाइलवर हवं तेव्हा पाहता-ऐकता आलं तर? येतं की! त्यासाठी लागतो घरगुती मीडिया सर्व्हर. आणि गंमत म्हणजे, तो चालवायला माउस लागत नाही. लागतात फक्त शब्द.

सर्व्हर म्हणजे वाढपी

सर्व्हर म्हटलं, की मोठमोठी कपाटं आणि थंडगार खोली डोळ्यांपुढे येते. पण शब्दाचा अर्थ साधा आहे : वाढणारा. पंगतीत वाढपी काय करतो? ज्याला जे हवं ते आणून वाढतो. सर्व्हरही तेच करतो. टीव्ही म्हणतो, "लग्नाचं चित्रीकरण वाढा." सर्व्हर ते वाढतो, पण सगळं पातेलं एकदम पानात ओतत नाही बरं का! थोडं थोडं वाढत राहतो. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात.

हे काम जुना लॅपटॉप करू शकतो किंवा रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्याच्या कार्डाएवढा संगणकही. इंग्लंडमध्ये तयार झालेला हा संगणक २०१२ साली विक्रीला आला, तो मुळात मुलांनी संगणक शिकावा म्हणूनच. हलकं काम करताना तो साधारण ५ वॅट वीज घेतो. आता गणित करा. ५ वॅट गुणिले २४ तास म्हणजे १२० वॅट-तास. महिन्याचे ३० दिवस धरले तर ३६०० वॅट-तास, म्हणजे ३.६ युनिट. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा दिवसरात्र चालू ठेवला तर याहून जास्त वीज खाईल!

काळा पडदा, पांढरी अक्षरं

सर्व्हरला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. राउटरशेजारी कोपऱ्यात तो गुपचूप बसलेला असतो. मग त्याच्याशी बोलायचं कसं? दुसऱ्या संगणकावरून, आज्ञा टाइप करून. या पद्धतीला म्हणतात कमांड लाइन.

त्यासाठी सर्व्हरवर बहुधा लिनक्स प्रणाली घालतात. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती जगापुढे मांडली. तिच्या आज्ञा मात्र त्याहून जुन्या वळणाच्या आहेत. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीवर काम सुरू केलं. तेव्हा संगणकाशी बोलायला टेलिटाइप यंत्र असे. ते सेकंदाला जेमतेम १० अक्षरं कागदावर छापायचं. मग लांबलचक शब्द कोण लिहीत बसणार? म्हणून आज्ञा झाल्या तोकड्या. फोल्डरमध्ये काय आहे ते दाखव, यासाठी नुसतं 'एलएस'. दुसऱ्या फोल्डरमध्ये जायला 'सीडी'. आपण कुठे उभे आहोत, हे विचारायला 'पीडब्ल्यूडी'. नवा फोल्डर करायला 'एमकेडीआयआर'. ही अक्षरं रोमन लिपीत, लहान आकारात आणि जोडून टाइप करायची. लिनक्सला लहान आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं. तेव्हा फोल्डरच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं असेल आणि तुम्ही लहान लिहिलंत, तर "असं काही इथे नाही" असं उत्तर मिळेल!

सर्व्हरपर्यंत पोचवणारी आज्ञा आहे 'एसएसएच'. १९९५ साली हेलसिंकीच्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकले. तेव्हा तातू युलोनेन या संशोधकाने बोलणं कुलूपबंद करून पाठवणारी ही युक्ती तयार केली. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. घाबरू नका, कीबोर्ड बिघडलेला नाही. आपला पासवर्ड किती अक्षरांचा आहे, हेही शेजारच्याला कळू नये म्हणून तसं ठेवलंय.

चाळीचा पत्ता आणि खोली नंबर

आता वाढपी नेमायचा. जेलिफिन हा मोफत मिळणारा मीडिया सर्व्हर २०१८ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी सुरू केला. त्यांच्या सूचनांप्रमाणे, घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन, तो सर्व्हरवर चढवायचा. मग 'सिस्टिमसीटीएल स्टेटस जेलिफिन' असं विचारलं, की तो जागा आहे की झोपलाय ते कळतं.

टीव्हीला त्याचा पत्ता द्यावा लागतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो. तो बऱ्याचदा १९२.१६८ ने सुरू होतो. ही झाली चाळ. पण एकाच चाळीत अनेक बिऱ्हाडं असतात ना? जेलिफिन साधारणपणे ८०९६ नंबरच्या खोलीत राहतो आणि एसएसएच २२ नंबरच्या. या खोल्यांना पोर्ट म्हणतात. एकदा सगळं बसलं, की इंटरनेट बंद असलं तरी घरातल्या घरात फोटो आणि गाणी चालतात, कारण राउटर आणि सर्व्हर एकमेकांशी थेट बोलतात. या खोल्यांची दारं घराबाहेरच्या जगाला मात्र उघडू नका.

आणखी एक नियम. सर्व्हरवर आपल्या घरचं चित्रीकरण ठेवा किंवा जे ठेवण्याची परवानगी आहे तेच. नवे सिनेमे चोरून उतरवणं हा गुन्हा आहे.

एका चांदणीची करामत

कमांड लाइनची खरी ताकद चांदणीत आहे. समजा, ३०० फोटो 'दिवाळी' फोल्डरमध्ये हलवायचे आहेत. एकेक ओढत बसलात तर दुपार जाईल. इथे 'एमव्ही', म्हणजे हलव, ही आज्ञा लिहायची आणि फोटोच्या नावाच्या जागी एक चांदणी टाकायची. चांदणीचा अर्थ 'सगळे'. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम फत्ते!

पण याच चांदणीने एकदा केवढा घोळ घातला, ते ऐका. १९९८ साली अमेरिकेतल्या पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट बनत होता. कुणीतरी चुकीच्या ठिकाणी 'आरएम', म्हणजे पुसून टाक, ही आज्ञा दिली. ओरेन जेकब आणि त्यांचे सहकारी पडद्यावर पाहत होते आणि वूडीच्या फायली एकामागून एक नाहीशा होत होत्या. घाईघाईने यंत्राची वायर उपटेपर्यंत चित्रपटाचा सुमारे ९० टक्के भाग गायब! राखीव प्रत होती, पण ती नीट चालतच नव्हती आणि ते कुणी तपासलं नव्हतं. सुदैवाने गॅलिन सुसमन यांना नुकतंच बाळ झालं होतं, म्हणून त्या घरून काम करायच्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक रजईत गुंडाळून, मोटारीत पट्टा बांधून, जपून स्टुडिओत आणला गेला. १९९९ साली चित्रपट झळकला.

'आरएम'ला केराची टोपली नसते. पुसलं म्हणजे पुसलं. म्हणून पुसण्याआधी 'पीडब्ल्यूडी' विचारून आपण कुठे आहोत ते पाहा. 'आरएम'च्या पुढे रेघ आणि 'आय' लिहिलं, तर प्रत्येक फाइलआधी संगणक "पुसू का?" असं विचारतो.

तीन प्रती, दोन प्रकार, एक दूर

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. भारताचा हा पहिला कथापट आज आपल्याला पूर्ण पाहता येत नाही, त्याचा काही भागच उरलाय. एवढ्या मोठ्या कलाकृतीची ही गत, तर आजीच्या ओव्यांचं काय?

म्हणून नियम असा : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची हार्ड डिस्क मामाकडे ठेवा. सुट्टीत गेलात, की नवे फोटो त्यात भरा. त्यासाठी 'आरसिंक' ही हुशार आज्ञा आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ती १९९६ साली ऑस्ट्रेलियात आणली. दोन्हीकडच्या फायली ताडून ती फक्त नवं आणि बदललेलं तेवढंच पाठवते.

जागा पुरेल का? ६० मिनिटांची कॅसेट साध्या दर्जाच्या एमपी-३ मध्ये सुमारे ५८ एमबी होते. १ टीबीच्या डिस्कवर अशा १७ हजार कॅसेटी मावतील!

वहीत लिहून ठेवा

१. 'डीएफ' पुढे रेघ आणि 'एच' : डिस्कवर किती जागा उरली ते दर आठवड्याला पाहा.
२. सर्व्हरची वायर कधीही तशीच उपटू नका. आधी 'शटडाउन'ची आज्ञा द्या, नाहीतर फायली खराब होऊ शकतात. वीज वारंवार जात असेल तर इन्व्हर्टरवर जोडा.
३. महिन्यातून एकदा राखीव प्रतीतला कुठलाही एक फोटो उघडून पाहा. उघडला तरच ती प्रत खरी.
४. दिलेली प्रत्येक आज्ञा तारखेसह वहीत लिहा. बिघाड शोधताना तीच वही कामाला येते.

आणि हो, सर्व्हर घ्यायला अजून वेळ असला तरी एक काम या रविवारीच करा. कपाटातली ती कॅसेट बाहेर काढा, तिच्यावर आवाज कुणाचा आहे ते आजीला विचारा आणि नाव, गाव, साल चिठ्ठीवर लिहून वेष्टनात घाला. बाकी सगळं संगणक करेल. हे एवढं मात्र आजीच सांगू शकते.