बैतखोल : एक उपसागर, दोन धक्के

बंगळुरूला समुद्र नाही; तरी देशातील मासेमारी बंदरांसाठी जागांची पाहणी व आखणी करणारी केंद्रीय संस्था १९६८ पासून याच शहरात आहे. कर्नाटक किनाऱ्याच्या उत्तर टोकावरील कारवारचे बैतखोल बंदर पाहिले, की अशा आखणीचे प्रयोजन ध्यानी येते. डोंगराच्या आडोशामुळे येथे व्यापारी व मासेमारी धक्के शेजारी शेजारी नांदतात. डांबराचे वा तेलाचे जहाज प्रसंगी बाहेर नांगर टाकून थांबू शकते. मासळीला मात्र ती सवड नाही. बांगडा बर्फाविना उन्हात राहिला तर त्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन हे अपायकारक द्रव्य तयार होते आणि पुढे शिजवूनही ते नष्ट होत नाही. नौका धक्क्यासाठी ताटकळली, तर लिलावात भाव पडतो तो मच्छीमाराचा. म्हणून मासळी उतरवण्याच्या धक्क्याची लांबी वर्षाच्या सरासरीवर नव्हे, तर ऐन हंगामात एकाच वेळी परतणाऱ्या नौकांवरून ठरवावी लागते. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात तर यांत्रिक नौका एकदमच विसाव्याला येतात. त्यांच्यासाठी शांत पाण्याची जागा निराळी राखावी लागते.