आराखड्यात नाव आलं, म्हणजे काम मंजूर?

‘आपल्या गल्लीचा रस्ता आराखड्यात आहे’ असं ग्रामसभेत ऐकलं की पावसाळ्याआधी खडी पडेल, अशी आशा लागते. साहजिकच आहे. पण ग्रामपंचायत विकास आराखडा ही गावाने ठरवलेल्या वर्षभराच्या गरजांची यादी असते, मंजुरी नव्हे. किराण्याची यादी आपण घरी करतो. पिशवीत काय येतं, ते हातातल्या पैशावर ठरतं.

पंचायतीच्या पैशालाही वाटा नेमून दिलेल्या असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६साठी दिलेल्या अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित (पाणी व स्वच्छतेसाठीच राखीव) ठेवली. तीतून गळकी जलवाहिनी बदलता येते, शोषखड्डे खणता येतात. रस्ता होत नाही. रस्ता, दिवाबत्ती, अंगणवाडीचं छप्पर हे सगळं उरलेल्या ४० टक्क्यांत बसवायचं. छप्पर गळत असेल, तर माझ्या मते रस्त्याने थांबावं. अंगणवाडीतली मुलं ओल्या सतरंजीवर बसतात.

पुढे प्रशासकीय मान्यता (काम व खर्चाला संमती) आणि तांत्रिक मान्यता (अभियंत्याने तपासलेलं अंदाजपत्रक) लागते. म्हणून ग्रामसभेत विचारावं: काम कोणत्या निधीतून, आणि कोणती मान्यता बाकी आहे?