माहेरचं वजन २३ किलो

‘मी येतो की गं, त्यात काय!’ फोनवर गुड न्यूज कळली की कोल्हापुरातली आई पहिलं वाक्य हेच बोलते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला अलिखित नियम. पण लेक-जावई दोघंही न्यू जर्सीत नोकरीला. त्यात ३६ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या गरोदर बाईला घेत नाहीत. मग माहेरच विमानात बसतं, २३-२३ किलोच्या दोन बॅगा घेऊन.

लक्ष्मीपुरीतून डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा येतात. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली जातात. माझ्या एका मैत्रिणीच्या आईने बॅग तीनदा काट्यावर चढवली आणि शेवटी स्वतःच्याच साड्या बाहेर काढल्या. लाडू राहिले!

इथे एक सूचना, आणि ती अगदी सीरियसली घ्या. लेक दुबईत असेल, तर लाडवात खसखस घालू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते, सिंगापूरलाही ती चालत नाही. ‘अहो, बाळंतिणीसाठी आहे’ हे कस्टम्सवाल्याला पटत नसतं.

बाकीची हत्यारं लहान मुलांच्या डॉक्टरकडे पहिल्याच व्हिजिटला जप्त होतात. मधात उगाळलेली गुटी? नाही. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. काजळ? तेही नाही, त्यात शिसं असू शकतं. ‘तुला असंच वाढवलंय मी,’ म्हणून आजी दोन दिवस रुसते. खरं सांगायचं, तर मध-काजळाबाबत डॉक्टरच बरोबर आहेत. पण रात्री दोनला बाळ मांडीवर घेऊन लेकीला झोपवणारी आजी कुठल्या इन्शुरन्समध्ये बसत नाही.

आणि तिची गरज खरीच असते. अमेरिकेत नॉर्मल डिलिव्हरीनंतर ४८ तासांत घरी. देशभर लागू असलेला १९९३ चा कायदा १२ आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी, आणि सगळ्यांना नाहीच. (आपल्याकडे २०१७ पासून पगारी २६ आठवडे!) नेदरलँड्समध्ये निदान पहिले आठ-दहा दिवस विम्यातून प्रशिक्षित बाई घरी येते, बाळ-बाळंतीण दोघांचं बघते. अमेरिकेत ते काम आईचं. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात, म्हणून आधी आई, मग सासूबाई, अशी शिफ्ट ड्युटी लावली जाते.

या मैत्रिणीला सर्वांत मोठा धक्का मात्र सोनोग्राफीच्या वेळी बसला. ‘मुलगा की मुलगी, सांगू?’ टेक्निशियनने हसत विचारलं, आणि हिने आधी दाराकडे पाहिलं. साहजिकच आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. पुढे इथे सोनोग्राफी मशीनवरच नजर ठेवणारं यंत्र बसवावं लागलं. ‘मुलगी,’ टेक्निशियन म्हणाली. फोनवर आई क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, ‘बरं झालं, माझं सोनं कुणाला द्यायचं ते ठरलं.’

कागदांचं मात्र वेळेत बघा. दुबईत जन्मलेल्या बाळाला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करून त्याला भारतीय करून घ्यायचं. अमेरिकेत जन्मलेलं बाळ अमेरिकन, म्हणजे आजोळी यायलाही त्याला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड हवं. तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना हे नागरिकत्व नाकारणारा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. कोर्टांनी तो अडवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा नेटवरच्या जुन्या माहितीवर विसंबू नका, वकिलाला विचारा.

आणि नाव? बाराव्या दिवसाची वाट कोण बघतंय! दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलची बाई जन्मदाखल्याचा फॉर्म घेऊन उभी. मैत्रिणीने नाव लिहून दिलं. बारशाला आत्या राजारामपुरीतून व्हिडिओ कॉलवर आली, पदर सावरून, स्क्रीनला तोंड लावून ‘कुर्रर्र’ करायला तयार. तेवढ्यात तिला कळलं, नाव दहा दिवसांपूर्वीच सरकारदरबारी लागलंय.

‘मग मी कानात सांगू काय, सोशल सिक्युरिटी नंबर?’