धाकटं पोर वाटेकडं बघतं

१९४५ साली महायुद्ध थांबले. पण शिपायाची पावले घराकडे वळलीच असे नाही. इटलीत लढलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण १९४६ साली जपानच्या बंदोबस्तावर गेली. मागे खेड्यात कारभारीण. तिला अक्षरओळख नाही. आलेले पत्र मास्तरांनी वाचायचे, उत्तरही त्यांनीच लिहायचे. परक्या पुरुषापुढे ‘तुमच्यावाचून करमत नाही’ हे सांगावे कसे? मग ती म्हणे, ‘लिवा मास्तर, गाय व्याली. धाकटं पोर रोज वाटेकडं बघतं.’ बराकीत ते पत्र चारचौघांत वाचले जाई. वाटेकडे कोण बघते, हे त्या एकट्यालाच कळे. वाचकहो, मी वर्गात वर्षानुवर्षे व्यंजना शिकवतो. या माउल्या ती जगल्या!