दुकानाची पायरी

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. ग्वाल्हेरची थंडी आता अंगात शिरायला लागली होती. घरात रजया बाहेर निघाल्या, त्यातली एक उंदरांनी कुरतडलेली सापडली, म्हणून मी पाटणकर बाजारात गेले. ज्या दुकानात गेले तिथे मी पंचवीस वर्षं जाते आहे. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते बाजारातल्या कुठल्याही दुकानात घडू शकलं असतं.

आपल्या मंडळाच्या बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पाटणकर बाजार लश्करमध्ये आहे, महाराज बाड्यावरून पायी जाता येतं. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास इथे छावणी टाकली, म्हणून हे लश्कर. त्या छावणीची मराठी नावं अजून गल्ल्यांना चिकटलेली आहेत: फालके बाजार, शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ आणि आपला पाटणकर बाजार. इथल्या मराठी घरांची दुकानदारांशी ओळख दोन-दोन तीन-तीन पिढ्यांची. माझ्या लहानपणी आई दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायच्या आत आतून "आइए बाई साहब" ऐकू यायचं, स्टूल पुढे सरकायचं आणि मला गोळी मिळायची. वडील साधे कारकून होते, आमच्याकडे पैसा बेताचाच. पण मान कधी कमी पडला नाही. आम्ही त्याला आमचा हक्कच समजत होतो.

तर त्या दिवशी स्टूल मिळालं, चहा मागवला गेला, रजया उलगडल्या जाऊ लागल्या. माझ्या आधीपासून दोन मुली काउंटरपाशी उभ्या होत्या. वीस-एकवीस वर्षांच्या, एकीच्या अंगात ट्रॅकसूट. चेहऱ्यावरून ईशान्येकडच्या. ग्वाल्हेरला अशी मुलं-मुली नवीन नाहीत. 1857 च्या शताब्दीच्या वर्षी, ऑगस्ट 1957 मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने इथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू झालं. आज ते अभिमत विद्यापीठ आहे आणि देशभरातून मुलं तिथे शिकायला येतात, मणिपूर-मिझोरमहूनही येतात. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं हे चेहरे आपल्या बाजारात फिरताहेत.

त्यातल्या एकीने वरच्या फळीवरची तपकिरी शाल दाखवायला सांगितली. दुकानदाराने वर पाहिलंसुद्धा नाही. "वो महँगी है," म्हणाला आणि माझ्यासमोर आणखी एक रजई उलगडली. मुलीने पुन्हा सांगितलं. तो हसून विचारतो, "नेपाल से हो?" मागे घड्या घालणारा पोऱ्या दुसऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटला, त्यात 'मोमो' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. त्या मुलीलाही आला असणार.

ती अजिबात न चिडता म्हणाली, "भैया, मैंने दाम नहीं पूछा। शॉल दिखाने को कहा है।"

दुकानदाराला त्यातली शाल दिसली नाही, हिंदी दिसली. "अरे वा, हिंदी तो बढ़िया बोलती हो!" असं तो कौतुकाने म्हणाला, आणि खरं सांगते, त्याला ते कौतुकच वाटत होतं. दोघी पायरी उतरून गेल्या. त्यांच्या डोक्यावर, दाराशी, पाटी होती: 'एक दाम'.

आणि मी? मी चहा प्यायले. रजई घेतली, रिक्षा केली, घरी आले. त्या रात्री मला काही टोचलंबिचलं नाही. ही गोष्ट मी विसरूनही गेले असते.

महिन्याभराने माझ्या भाचीचा अमेरिकेतून फोन आला. ती तिथे नोकरी करते, चांगलं कमावते. एका मोठ्या दुकानात ती अत्तर घ्यायला गेली, तर सुरक्षारक्षक तिच्या मागे मागे. ती या रांगेत तर तो त्या रांगेच्या टोकाला. शेवटी त्याने पर्स उघडून दाखवायला सांगितलं. शेजारच्या गोऱ्या बाईच्या खांद्याला केवढी तरी पिशवी होती, तिला कोणी हटकलं नाही. पोरगी फोनवर रडत होती. चोर समजल्याचं दुःख होतंच, पण "मावशी, मी चांगले कपडे घालून गेले होते गं," हे ती तीनदा म्हणाली.

आमच्या घरात त्या संध्याकाळी सभाच भरली. गोऱ्यांची मस्ती, रंगद्वेष, यांना आपले इंजिनीयर चालतात पण माणसं चालत नाहीत, सगळं बोलून झालं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. बोलता बोलता कधीतरी ती तपकिरी शाल आठवली आणि माझं वाक्य अर्धंच राहिलं. आमच्या 'ह्यांनी' विचारलंही, काय झालं म्हणून. मी काही सांगितलं नाही.

मग मी वाचायला लागले. आपल्या वयाला हे एक बरं असतं, झोप येत नाही. गांधीजींच्या आत्मकथेतला एक प्रसंग शाळेत कधी शिकवला नव्हता, तो तेव्हा सापडला. प्रिटोरियात ते केस कापायला एका इंग्रज न्हाव्याकडे गेले. त्याने तुच्छतेने नकार दिला. गांधीजींनी केस कापायचं मशीन विकत घेतलं, आरशासमोर उभं राहून स्वतःच केस कापले, आणि मागची बाजू इतकी बिघडली की कोर्टातले मित्र हसले. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती माझ्या भाचीच्या फोनसारखीच झाली असती. पण पुढे ते लिहितात की त्या न्हाव्याचा दोष नव्हता. काळ्यांचे केस कापले तर त्याची गिऱ्हाइकं तुटली असती. आणि आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही, त्याचंच हे फळ मला मिळालं. अपमान झालेला असताना माणसाला आपल्या घरातला अपमान आठवावा, हे सोपं नाही. मला महिना लागला, तोही फोन आला म्हणून.

(जाता जाता: ग्राहक हा आपल्याकडे येणारा सगळ्यात मोठा पाहुणा, असं गांधीजींच्या फोटोखाली लिहिलेली पाटी तुम्ही बँकेत, पोस्टात, दुकानात पाहिली असेल. त्यांच्या लेखनात ते वाक्य सापडत नाही म्हणतात. न्हाव्याची गोष्ट मात्र खरीच त्यांची आहे, आणि तिची पाटी मी कुठे पाहिलेली नाही.)

माझी आजी सांगायची की तिच्या माहेरच्या गावात काही माणसांना दुकानाची पायरी चढायची परवानगी नव्हती. ते खाली उभे राहत, पैसे जमिनीवर ठेवत, वाणी त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा आणि मीठ-तेल वरून टाकायचा. भाव तोच, माप कदाचित कमीच. आजी हे अगदी सहज सांगायची, पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं.

म्हणूनच आपल्या राज्यघटनेत 'दुकान' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. मला ही गोष्ट माहीत नव्हती. कलम 15 म्हणतं की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांपैकी कशाच्याही कारणावरून कोणा नागरिकाला दुकानात, उपाहारगृहात, विहिरीवर मज्जाव करता येणार नाही. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत यावर चर्चा चालली असताना सदस्यांनी विचारलं, दुकान म्हणजे नेमकं काय? यात धोबी येतो का, केस कापण्याचं सलून येतं का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उत्तर वाचण्यासारखं आहे. दुकान हा शब्द त्यांनी अगदी व्यापक अर्थाने घेतला: सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही ती द्यायला मालक तयार आहे अशी जागा. आणि आणखी एक, नुसतं आत येऊ देणं पुरेसं नाही. अटी मान्य असतील तर सेवाही मिळाली पाहिजे.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. त्या दोघी मुली आत आल्या होत्या ना? कोणी अडवलं नव्हतं. शाल तेवढी फळीवरून खाली आली नव्हती.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं केवढं! मीही तसंच म्हटलं असतं. पण 29 जानेवारी 2014 ला दिल्लीच्या लाजपत नगरच्या बाजारात अरुणाचलचा निडो तानिया नावाचा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानापाशी थांबला. त्याच्या रंगवलेल्या केसांवरून, चेहऱ्यावरून चेष्टा सुरू झाली. पोरगं भडकलं, दुकानाची काच फुटली, मग मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सुरुवात चेष्टेनेच झाली होती. त्यानंतर सरकारने बेझबरुआ समिती नेमली. तिने जुलै 2014 मध्ये अहवाल दिला, कायद्यात नवं कलम घाला, शाळेच्या पुस्तकांत ईशान्येचा इतिहास शिकवा असं सांगितलं. आपल्या किती नातवंडांना आठ राज्यांची नावं येतात ते एकदा विचारून बघा. मी विचारलं. माझ्या नातवाला पाच आली, मला सहा.

आणि मार्च 2020 मध्ये, कोरोनाची टाळेबंदी लागल्यावर, मैसुरूच्या एका सुपरमार्केटमधून नागालँडच्या दोन तरुणांना तुम्ही भारतीय नाही म्हणत परत पाठवलं. पुढे पोलिसांनी गुन्हा दाखल केला. त्या दिवसांत तांदूळ-डाळ घ्यायला गेलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत जावं लागणं म्हणजे काय, हे आपण सगळ्यांनी ते दिवस पाहिलेत म्हणून समजेल.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. एकदा दुपारी बाजार मंद होता तेव्हा मी त्याला ही गोष्ट काढली. त्याला ती आठवतच नव्हती. मग म्हणाला, "भाभीजी, दिन भर ग्राहक को आँख से तौलना पड़ता है। कौन लेगा, कौन सिर्फ खुलवाएगा।" खोटं नाही ते. ढीग उलगडायला लावून काही न घेता जाणाऱ्या आपल्याच बायका असतात, मीही त्यातली आहे. घड्या घालायला माणूस लागतो, त्याचा पगार द्यावा लागतो. डोळ्याने तोलणं ही त्याच्या धंद्यातली विद्याच आहे, वडिलांकडून आलेली. फक्त त्या तराजूत आधीपासूनच काय टाकून ठेवलंय ते त्याला दिसत नाही. मी पंचवीस वर्षांत कितीदा काही न घेता उठले, तरी माझं स्टूल हललं नाही. त्या मुलीला पहिलीच शाल नाही मिळाली.

तो तराजू आपल्या घरातही आहे, हे कबूल करायला हवं. माझी धाकटी नणंद सावळी. तिच्या लग्नाच्या साड्या घेताना याच बाजारात आम्ही पाच जणी तिच्यासमोर बसून "हा रंग हिला उठणार नाही", "हिला जरा फिकाच दाखवा" असं म्हणत होतो. दुकानदार काही बोलला नव्हता, आम्हीच बोलत होतो. तिला मोरपंखी हवी होती. तिला आम्ही बदामी घेतली. परवा मी तिला फोन करून विचारलं, आठवतंय का. ती म्हणाली, "वहिनी, बत्तीस वर्षं झाली, ती साडी मी एकदाच नेसले." आणि घरी काम करणाऱ्या बाईला बरोबर घेऊन गेलो तर ती दाराशीच उभी राहते, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, तेही आहेच.

संक्रांतीच्या आधी पुन्हा दुकानात जाणं झालं. हळदीकुंकवाला वाटायला छोटे टॉवेल हवे होते. नेहमीप्रमाणे स्टूल पुढे आलं. काउंटरपाशी एक मुलगी उभी होती, ती त्या दोघींतली नव्हती, पण त्याच कॉलेजातली असावी, पाठीवर तसलीच मोठी बॅग. मी बसले नाही. म्हटलं, "पहले इनको दिखाइए, ये मुझसे पहले आयी हैं।" एवढं बोलताना माझं तोंड कोरडं पडलं होतं, हसू नका. पंचवीस वर्षांच्या ओळखीत त्या माणसाला मी पहिल्यांदाच काही सांगत होते. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग पोऱ्याला म्हणाला, "दीदी को स्टूल दे।"

ती स्टुलावर बसली नाही, बॅग मात्र त्यावर ठेवली. आईसाठी शाल हवी होती तिला. सात शाली उलगडायला लावल्या, उजेडात नेऊन बघितल्या, एकीचा धागा ओढून पाहिला, दोन बाजूला काढल्या, आणि मग 'एक दाम'च्या पाटीखाली उभं राहून अर्धा तास घासाघीस केली. दीडशे रुपये कमी करून घेतले.

मी टॉवेल घेतले, लिहिलेल्या किमतीत.